मल्हारीची गॅरंटी

देवगाव रंगारीच्या शिवारात कुणाला विहीर खोल करायची झाली की यारी मल्हारीचीच. बापजाद्यांनी मेंढरं राखली. याने ती विकून विहिरीतला दगड-मुरूम वर ओढणारं हे यंत्र घेतलं. बोलायला महाकंजूस. पण पाळण्यात बसून कुणी खाली निघालं की त्याच्या तोंडी एक शब्द ठरलेला: "गॅरंटी." तेवढ्यावर माणसं बिनघोर अंधारात उतरायची.

दर रविवारी तो यारीच्या पोलादी तारेला तेलात कालवलेला खंडोबाचा भंडारा चोळायचा. थरावर थर बसून तार पिवळीधमक झाली होती. भंडारा लागलेली तार खरवडून पाहायची म्हणजे देवावरच संशय घ्यायचा, असं सगळे मानत. मल्हारीही मानायचा, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. ओढ्यापलीकडच्या काकासाहेबाने यारी घेतली, तेव्हा याने आपल्याच लांब तारेचा अर्धा तुकडा त्याला दिला. भंडारा लावून, गॅरंटी देऊन.

शहरातल्या पुंडलिकनगरात खोली घेऊन इंग्रजी शिकणारी त्याची लेक ज्ञानेश्वरी त्या रविवारी घरी आली होती. आबा दिवसभर इंग्रजीच बोलतात, असं म्हणून तिने बापाला चिडवलं आणि मग हौसेने सांगत बसली. गॅरंटी हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचलला, फ्रेंचांना तो जुन्या जर्मन टोळ्यांकडून मिळाला. मोबाइलबरोबर येते ती वॉरंटी याचीच सख्खी बहीण.

"आन् मूळ अर्थ काय त्याचा?" मल्हारीने विचारलं.

"राखणदार, आबा. आधी तो कागद नव्हता, माणूस होता. दुसऱ्यासाठी सोता उभा राहनारा."

मल्हारी हसला नाही. मेंढरांपाशी जागत लहानाचा मोठा झालेला माणूस तो. राखणदाराने डोळे मिटायचे नसतात, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

सोमवारी त्याचा मुलगा रामेश्वर खाली उतरला. मल्हारी गॅरंटी म्हणाला खरा, पण जीभ अडखळली. पाळणा तळाला टेकल्यावर त्याला राहवेना. यंत्र बंद करून त्याने घासलेटाचा बोळा तारेवरून ओढला. बोळा पिवळा झाला, मग लाल. तुटक्या पोलादाचे काटे बोटांत घुसले होते. भंडाऱ्याखाली तार निम्मी तुटलेली होती.

खालून रामेश्वरने हाक दिली, "आबा, बसू का पाळन्यात? गॅरंटी हाय ना?"

"नाय," मल्हारी म्हणाला. जन्मात पहिल्यांदा. "बसू नको. दोर टाकतो."

गड्यांनी जाड दोराने पोराला धडधाकट वर ओढलं. रामेश्वर सवयीने तारेवरचा भंडारा कपाळाला लावायला गेला, तर मल्हारीने त्याचा हात घट्ट धरला.

तेव्हा कुठे त्याला ओढ्यापलीकडच्या यारीची घरघर ऐकू आली. त्याने काकासाहेबाला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. मल्हारी धावत सुटला, वहाणा तिथंच टाकून. थांबा, थांबा, म्हणून ओरडत होता, पण त्या घरघरीपुढे त्याचा आवाज कुठला पोचायला?

तो ओढ्यात उतरला आणि घरघर एकाएकी थांबली. जेवणाच्या सुट्टीला अजून बराच अवकाश होता.