मागच्या आठवड्यात काम केलं का?

अकोल्याच्या एसटी स्टँडवर बाबा मला सोडायला आले तेव्हा भर दुपार होती आणि त्यांना परत जायची कसलीच घाई नव्हती. त्यांची सूतगिरणी बंद पडून वर्ष झालं होतं. मी वीस वर्षांची. अमरावतीला निघाले होते ती बेरोजगारांच्या सर्वेक्षणासाठी, तीन महिन्यांच्या कंत्राटावर. आईनं बजावलं होतं, "लोकाईच्या घरी चहाले नाही म्हनू नोको."

फॉर्ममधल्या एका प्रश्नाचं मला भारी कुतूहल होतं: मागच्या आठवड्यात एक तास तरी काम केलं का? केलं असेल, तर माणूस बेरोजगार नाही. हे कुणी ठरवलं असेल? एक गृहस्थ म्हणाले, "शेजाऱ्याचा कूलर दुरुस्त केला. दोन तास गेले."

"पैसे मिळाले?"

"हट! शेजारी हाय तो."

यांना कोणत्या रकान्यात घालू? सुपरवायझरही डोकं खाजवत राहिले.

रविवारी घरी आले तर बाबा म्हणाले, "मले बी इचार ना." मी फॉर्म काढला. ते ताठ बसले. नाव, वय शेहेचाळीस, फिटर. कामाच्या प्रश्नाला म्हणाले, "नाही. लिव." गिरणी बंद पडल्यापासून त्यांनी हे कुणाजवळच बोलून दाखवलं नव्हतं. मी मान वर न करता लिहिलं.

तेवढ्यात आई आतून म्हणाली, "अन मले काहून नाही इचारून राहिली?"

"तू काम शोधतेस?"

"शोधून राहिली ना. पन आजपर्यंत इचारलं कोनं?"

पुढे सरकारची शिलाई प्रशिक्षणाची योजना आली. अट चाळिशीच्या आतली. बाबा बसत नव्हते. अडतीस वर्षांची आई बसली. तिला अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात काम लागलं, आणि अकोल्याची खोली सोडून दोघं अमरावतीला राहायला गेले. बाबा कित्येक महिने कुणाशी धड बोलले नाहीत. मग एक दिवस उठून आईचा डबा भरू लागले.

तोवर मी पुण्याला गेले होते, अशाच फॉर्मांचे आकडे संगणकात भरायला.

अकोल्याच्या मैत्रिणींनो, तुम्ही विचारता, घरी कधी येतेस? अकोल्यात आता आमचं घर नाही, आणि अमरावतीच्या घरात मी कधी राहिले नाही. परवा तिथे गेले, तर मला मिठाचा डबासुद्धा सापडेना. "बस, तुले नाही भेटाचा," म्हणत बाबांनी कणीक मळायला घेतली. मी पाहुणीसारखी बसले. बाहेर कारखान्यातून येणाऱ्या आईचा ऑटो थांबल्याचा आवाज आला, तशी बाबांनी कणकेच्या हातानंच दाराची कडी काढली.