पालवाल्या सरांचा गाजलेला निबंध

आपलं नाव छापून यावं म्हणून धडपडणारी माणसं मी धारवाडात पुष्कळ पाहिली, पण आपलं छापलेलं नाव जगानं पुन्हा घेऊ नये म्हणून पदरची तिकिटं चिकटवणारा माणूस भूतलावर एकच झाला असणार, आणि ते आमचे पालवाले सर. तसे ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवीत, पण जीव सगळा मेंदूत अडकलेला, त्यातही पालीच्या. सुभाष रोडवरचे लोक त्यांना मेंदूचे डॉक्टर समजून डोकेदुखी घेऊन येत, आणि सर कुणालाच नाही म्हणत नसत. "झोप नीट लागते का हो?" एवढं विचारून चष्मा पुसत बसत. लोक बरे होऊन जात. लग्नात मंगलाष्टकं चालू असली की सगळ्यांचे डोळे नवरानवरीवर आणि सरांचे मांडवाच्या वाशांवर. खिशात काड्यापेटी असे, पण विडीकाडीचं व्यसन नव्हतं. त्या पेटीत कोण आहे हे विचारायची कुणाची छाती होत नसे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणत असू. त्या म्हणायच्या, "आमच्या घरातल्या पालींचं नाव विलायतेत गेलं. मी अजून हुबळीच्या पुढं गेले नाही."

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी सातवीनंतर शाळा सोडून खानदेशातून इतक्या लांब आलो होतो आणि अप्पांच्या टायपिंगच्या दुकानात बसत होतो. अप्पा मूळचे सांगलीकडचे, कडक बोलायचे पण पोटभर जेवू घालायचे. कानडी मला येत नव्हतं आणि इंग्रजी नुसतं अक्षरांपुरतं. एक अक्षर जरी चुकलं तरी आपली रवानगी परत गावाला, ही धास्ती घेऊनच मी मशीनवर बोटं ठेवायचो. सर आपले निबंध टाइप करून घ्यायला यायचे आणि शेजारी स्टुलावर बसून म्हणायचे, "सावकाश रे. मेलेल्या पालीचा मेंदू आहे, पळून जात नाही." चुकलंच तर ते "तुझं चुकलं" असं कधी म्हणाले नाहीत. "आपलं चुकलं" म्हणायचे आणि नवा कार्बन स्वतः लावून द्यायचे. एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, यातलं मला काहीच कळत नाही." तर खूश होऊन म्हणाले, "मग तुला परीक्षकच नेमायला पाहिजे की! त्यांनाही कळत नाही, पण ते सांगत नाहीत."

त्यांचा एक निबंध मात्र फार गाजला. घरातल्या साध्या पालीच्या मेंदूत अंधारात नेम धरायला लागणारा भाग अगदी लहान असतो, असं त्यात सिद्ध केलं होतं. शास्त्रज्ञांमध्ये अशी रीत की नवा निबंध लिहिताना खाली जुन्यांचे दाखले द्यायचे. ज्याचे दाखले जास्त तो मोठा. ज्याला निबंधाची प्रत हवी असेल तो छापील कार्ड धाडतो आणि लिहिणाऱ्यानं ती पोस्टानं पाठवायची. सरांना जपानपासून ब्राझीलपर्यंतची कार्डं यायची. तेवढ्यात कॉलेजात प्रोफेसरची जागा रिकामी झाली. हा निबंध असताना ती सरांनाच मिळणार, असं चहाच्या गाड्यावरसुद्धा ठरून गेलं. अक्कांनी तर प्रोफेसरच्या बंगल्यातला चिंचेचा पारही पाहून ठेवला होता.

नेमके त्याच सुमारास सर एका विद्यार्थ्याच्या लग्नाला अळणावरजवळच्या खेड्यात गेले. तिथं तेव्हा वीज नव्हती. येताना अक्कांनी लाडवांसाठी दिलेल्या डब्यातून तिकडच्या पाली घेऊन आले. पुढं बरेच दिवस दिसले नाहीत, आणि एका दुपारी दुकानात येऊन नुसतेच बसून राहिले. मी मशीन थांबवून विचारलं,

"सर, माझं टायपिंग चुकलं का?"

"तुझं एक अक्षर चुकलं नाही, हेच तर दुःख आहे. माझी चूक तू किती बिनचूक टाइप केलीस!"

मग त्यांनी सांगितलं. पाली पकडायला कॉलेज माणूस देईना, म्हणून त्यांनी सगळ्या पाली आपल्याच व्हरांड्यातून धरल्या होत्या. तिथं रात्रभर दिवा जळायचा, किडे आयते तोंडाशी यायचे. त्या सुखवस्तू पालींना अंधारात नेम धरायची गरजच नव्हती. खेड्यातल्या पालींचा तोच भाग चांगला ठसठशीत निघाला. "मी पालीवर लिहिलंच नाही रे," सर म्हणाले, "माझ्या व्हरांड्यातल्या दिव्यावर लिहिलं. आता दुरुस्ती छापायला पाहिजे. कागद चढव."

अप्पा गल्ल्यावरून उठून आले. "सर, गिऱ्हाइकानं परत आणलेला माल आम्ही घेतो. तुमचा माल कुणी परत आणलाय? मुलाखत तरी होऊ द्या की!"

"मुलाखतीत ह्याच निबंधाचं विचारतील अप्पा. काय सांगू?"

"हौदु म्हणा, कानडीत नुसतं हो म्हणा, आणि गप्प बसा!"

सर हसले, पण कागद चढवायला लावलाच. प्रोफेसरची जागा हातातून चाललीय हे दिसत असताना ती दुरुस्ती मी टाइप केली, आणि त्या दिवशी का कोण जाणे, अक्षर चुकायची धास्ती वाटली नाही.

व्हायचं तेच झालं. तुमचं सर्वांत प्रसिद्ध काम कोणतं, असं मुलाखतीत विचारल्यावर सरांनी सांगितलं, "जे चुकलंय ते." जागा निबंधांची लांबलचक यादी आणणाऱ्या एका तरुणाला मिळाली. मला वाटलं, आता अक्का बोलणार. पण अक्का म्हणाल्या, "बरंच झालं. प्रोफेसर झाले असते तर पाली धरायला शिपाई धाडला असता, आणि त्यानं पुन्हा दिव्याखालच्याच आणल्या असत्या!" सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नंतर चष्मा मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसत राहिले.

खरी गंमत पुढंच. ती दुरुस्ती कुणी वाचलीच नाही! जग आपलं जुन्याच निबंधाचे दाखले देत सुटलं. असा दाखला दिसला की सर तातडीनं यायचे आणि त्या शास्त्रज्ञाला पत्र टाइप करून घ्यायचे: "मी त्यात चुकलो आहे, कृपया दुसरा निबंध पाहावा." एकानं उलट टपाली त्यांच्या विनयाची तारीफ केली आणि पुढच्या वर्षी पुन्हा जुन्याचाच दाखला दिला. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "हे लोक मला धड चुकूही देत नाहीत!" अशी त्यांची कीर्ती त्यांच्या मनाविरुद्ध वाढत गेली.

निवृत्त होऊन मुलीकडं म्हैसूरला जाताना त्यांनी दुरुस्तीच्या उरलेल्या प्रतींचा गठ्ठा माझ्याकडं दिला. जुन्याची मागणी करणारं कार्ड आलं की कॉलेजातला शिपाई ते मला आणून द्यायचा, आणि मी दुरुस्ती धाडायचो. गावांची नावं मला उच्चारता यायची नाहीत, पण पत्ते बिनचूक टाइप व्हायचे. हळूहळू कार्डं विरळ होत गेली आणि मग थांबलीच. जगाला चूक कळली म्हणून थांबली, की जग सरांना विसरलं म्हणून? मी म्हैसूरला पत्र टाकून विचारलं. सरांनी लिहिलं, "दोन्हीपैकी काहीही झालेलं असो, मला आता झोप नीट लागते."

त्यांना लागते, हे वाचून बरं वाटलं. मला मात्र पोस्टमन दुकानावरून पुढं गेला की अजून हुरहूर लागते. वाटतं, एखादं तरी कार्ड यावं. चुकीचाच निबंध मागणारं आलं तरी चालेल. बरोबर असलेला धाडायला मी बसलो आहे.