हजेरीतला आवाज

समोरच्या गादीच्या दुकानाला दुपारी आग लागली. अग्निशमन दलाच्या जवानांनी ती आटोक्यात आणली, पण आत धूर कोंडला होता. पुन्हा आत शिरण्याआधी त्यांच्या साहेबांनी एकेकाचं नाव घेतलं. सगळे समोरच उभे होते, मी गॅलरीतून मोजलेही होते. मग हजेरी कशाला?

"जाधव?"

"हजर, साहेब."

"परत बोल."

"हजर."

"आवाज बसलाय तुझा. धूर गेलाय छातीत. बस इथे, पाणी पी."

"सकाळपासून असाच आहे, साहेब."

"सकाळी चहावाल्याशी भांडताना चांगला होता."

बाकीचे हसले. जाधव फुटपाथवर बसला. साहेबांनी क्षणभर त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याचा पाइप धरून स्वतः आत गेले.

साहेब म्हणजे ज्याचं बाकीच्यांनी ऐकायचं, असं मी धरून चाललो होतो. इथे साहेबच ऐकत होते.

घरातली माणसं मी दारातल्या चपलांवरून मोजतो. संध्याकाळी लेक कामावरून आली. "आले, बाबा," म्हणाली. चपला जुळल्या होत्या. तरी मी पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, "परत बोल गं."