नावापुढचा आकडा

फॉर्मलीन आधी डोळ्यांना झोंबतं, मग त्याचा वास येतो. आज मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागाची प्रमुख म्हणून डिसेक्शन हॉलचं दार ढकललं आणि माझं पहिलं वर्ष समोर उभं राहिलं.

मी खापरखेड्याच्या कामगार वसाहतीतली. त्या पहिल्या दिवशी टेबलाची थंडगार कड पोटाला रुतत होती आणि मागे मुलांची इतकी दाटी, की सरकायलाही जागा नव्हती. सर एकेकाला आडनाव आणि प्रवेशाची रँक विचारत माझ्याकडे येत होते. रँक ऐकली की कोण राखीव कोट्यातून आलंय, ते अख्ख्या हॉलला कळायचं.

शेजारची मैत्रीण कुजबुजली, "काहून घाबरून राहिली वं? सांगून टाक ना."

सांगितली. सर नुसतं "हं" म्हणाले आणि माझ्यापुढे धरलेलं चिरफाडीचं स्काल्पेल पलीकडच्या मुलाला दिलं. कितीतरी वर्षं मला वाटायचं, मीच हात पुढे करायला उशीर केला असेल.

आज पहिलं स्काल्पेल मी मुद्दाम मागच्या रांगेतल्या एका मुलीपुढे धरलं.

"नाव काय गं तुझं?"

तिनं नाव सांगितलं. मग मी विचारलं नसताना रँक सांगितली, आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.