डोळे मिटून केलेल्या कानउघाडण्या

आमच्या घरी रोज संध्याकाळी सात वाजता कौटुंबिक प्रार्थना असते. एक गीत, बायबलमधलं थोडं वचन आणि मग प्रार्थना. ती मी करायचो आणि ती लांबायची, कारण देवाला सांगण्यासारखं स्वतःबद्दल कमी आणि घरच्यांबद्दल फार असायचं. "प्रभू, या घरातल्या काही जणांना सकाळी वेळेवर उठण्याची बुद्धी दे." सगळ्यांचे डोळे मिटलेले, त्यामुळे उलट उत्तर येण्याची भीती नाही. एकदा आमटीतलं जास्तीचं मीठही मी देवाच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी अळणी आमटी मुकाट्याने जेवलो.

पंचविशीत मी प्रभूला जीवन दिलं आणि तंबाखू सोडली. प्रभूने मला कसं बदललं याची ती साक्ष पुढे प्रत्येक सभेत सांगत आलो. माझ्यात बदलायचं होतं ते बदलून झालं, आता उरलेल्या जगाचं बघायचं, अशी माझी समजूत होती.

गेल्या वर्षी भवानी पेठेत आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका विणकर कुटुंबाकडे प्रार्थना सभा होती. सतरंजीवर वीसेक माणसं, माझ्या शेजारी नर्सिंगला शिकणारी माझी मुलगी. मला प्रार्थना करायला सांगितली आणि मी रंगात आलो. "प्रभू, माझ्या लेकीचा एक विषय राहिलाय. तिचं मोबाइलमधलं लक्ष काढून अभ्यासात लाव." सगळे आमेन म्हणाले. विषय राहिल्याचं तिने फक्त मला आणि तिच्या आईला सांगितलं होतं.

चहाच्या वेळी एका वयस्कर बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "एकच इषय ऱ्हायलाय न्हवं? लई मनाला लावून घिऊ नको. आमी बी प्रार्थना करतो की." मुलीने कप तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून सात वाजले की ती स्वयंपाकघरात. तिसऱ्या दिवशी मी हाक मारली, तर आतूनच म्हणाली, "पप्पा, तुम्ही देवाशी बोलत नाही. त्याला मध्ये बसवून आम्हाला बोलता."

मी लगेच डोळे मिटले आणि तिचा हट्ट मोडण्यासाठी प्रार्थना सुरू केली. बायकोने मध्येच थांबवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"अहो, पुरे. अशाने पोरगी देवापासूनसुद्धा लांब जाईल."

"मी तिच्या भल्यासाठीच..."

"तंबाखू सोडलीत तेव्हा लोकांनी कौतुक केलं. ही सवय सोडलीत तर कुणी करणार नाही. म्हणून जड जातंय."

दोन दिवस मी फुरंगटून होतो. पण मुलगी खरंच लांब गेली तर त्याचं कारण माझी प्रार्थना असेल, हे काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी स्वयंपाकघरात गेलो. ती भाकरी थापत होती.

"चुकलं माझं."

"इथे कुणी ऐकलं नाही पप्पा. तिथे वीस जणांनी ऐकलं होतं."

पुढच्या सभेत साक्ष द्यायला उठलो. तंबाखू येणार म्हणून दोघातिघांनी आधीच माना डोलवायला सुरुवात केली होती. मी म्हणालो, "मागच्या वेळी मी प्रार्थनेच्या नावाखाली मुलीला चारचौघांत रागावलो. तिची गोष्ट सांगायचा मला हक्क नव्हता. प्रभू मला अजून बदलतोय, आणि मला त्याची गरज आहे." मग त्याच वयस्कर बाई म्हणाल्या, "व्हय की. आमी बी सुनेला असंच बोलतो." त्यांची सून इतकी मोकळी हसली की सभाच हसली.

आता मी प्रत्येकाला आधी विचारतो, तुझ्यासाठी काय मागू? बाकी वेळ स्वतःबद्दल बोलतो. पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात संपलं. हल्ली बरंच सुचतं. पन्नाशीतही देवाचं माझ्यावरचं काम चालू आहे, याचा मला आता आनंद वाटतो.

मुलगी तीन आठवड्यांनी येऊन बसली. विचारलं की "काही नाही" म्हणायची. मग मीही तिच्यासाठी काही मागायचो नाही. परवा मात्र म्हणाली, "आमच्या वॉर्डात एक आजी आहेत. त्यांच्यासाठी करा."

"काय झालंय त्यांना?"

"पप्पा."

"बरं."

मी डोळे मिटले. "प्रभू, त्या आजींना सांभाळ," एवढंच म्हणालो आणि थांबलो. तिचं आमेन सगळ्यांच्या आधी आलं.