गिरणीच्या रांगेतून हॉलंडला

भिवपुरीच्या शेजारच्या गावातली ऋतिका इंजिनीअर झाली आणि निकालाच्या दिवशीच तिने घरात जाहीर करून टाकलं, नोकरी करीन ती सॉफ्टवेअरची आणि तीही परदेशात. अर्धा वर्ग तेच म्हणत होता म्हणा, पण हिने म्हटलं की म्हटलं. हट्टात ती बापावर गेली होती. बाप सहदेव, शेती सांभाळून भिवपुरीच्या पॉवरहाउसवर कंत्राटी कामाला जायचा.

पाच महिन्यांत एकशे चाळीस अर्ज गेले. निम्म्यांनी उत्तरच दिलं नाही, उरलेल्यांनी अनुभव नाही म्हणून गोड शब्दांत वाटेला लावलं. दोष तिचाही होता. अर्जात मिरवलेला प्रकल्प म्हणजे घरपोच जेवण मागवायचं ॲप, अख्ख्या वर्गाने एकमेकांचं बघून केलेलं. तिच्या गावात घरपोच जेवण आजतागायत कुणी मागवलेलं नाही.

शेवटी सहदेवने ओळखीत शब्द टाकला आणि मोहोपाड्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायची जागा निघाली.

"पंधरा दिवसांत हो का नाय सांगायचं हाय," तो म्हणाला. "परत कोन इचारनार नाय."

"पंधराव्या दिवशी सांगते, बाबा."

दुसऱ्या दिवशी ती भात भरडायला घेऊन बुधाजीकाकांच्या गिरणीवर गेली. सुगीनंतर तिथे पोत्यांची रांग लागते. पूर्वी माणसं दिवसदिवस पोत्यावर बसून राहायची. दोन वर्षांमागे ऋतिकानेच काकांना नंबरांचा प्रोग्राम करून दिला: पोतं ठेवा, घरी जा, नंबर आला की फोनवर निरोप. आता आसपासची सहा गावं तो वापरतात.

"आपल्या गिरनीचं लिवलंस का गं अर्जात?" काकांनी सहज विचारलं.

"ते कुठं काम हाय, काका? गावचंच तर हाय."

"मंग मी काय खेळत बसलोय व्हय हितं?"

ती घरी आली. पगार नाही म्हणजे ते काम नव्हे, असं घरात सगळेच धरून चालत, आणि एवढी शिकूनसवरून तीही तेच धरून चालली होती. तिला स्वतःचा भयंकर राग आला. त्याच दुपारी तिने अर्जातून जेवण काढलं, गिरणी घातली आणि पुन्हा सुरुवात केली.

तेराव्या दिवशी हॉलंडच्या एका कंपनीची मुलाखत झाली. स्क्रीनवरच्या बाई तिचा प्रोग्राम बारकाईने वाचत होत्या. एका जागी थांबून त्यांनी विचारलं, ही नोंद रांग मोडून पुढे जाते, चूक राहिली का?

"चूक नाही," ऋतिका म्हणाली. "ज्याच्या घरी दहावं आहे किंवा लग्न, त्याचं पोतं पहिलं. आमच्याकडे रांग त्याला वाट देते."

"आणि कुणी खोटं सांगितलं तर?"

इंग्रजी अडखळलं, ती नाही. "मागच्या नंबराचा माणूस त्याला ओळखतो. म्हणून खात्री मशीन करत नाही. रांगेतल्या दोघांनी फोनवर होकार दिला की मगच नंबर पुढे सरकतो."

बाईंनी पुढचा पाऊण तास गिरणीबद्दलच विचारलं.

पंधराव्या दिवशी सहदेव मोहोपाड्याला फोन लावायच्या बेतात असताना ईमेलवर हॉलंडचं पत्र आलं. नोकरी मिळाली होती. त्याने ते दोनदा वाचून घेतलं, डोळे पुसले आणि "लांब हाय गं" एवढंच म्हणाला. मग स्वतःच फोन करून नकार कळवला.

व्हिसा हातात पडायला जानेवारी उजाडला. ती निघायच्या आदल्या दिवशी, तिच्यासोबत थोडे घरचे तांदूळ द्यावेत म्हणून सहदेव गिरणीवर गेला. नंबर सत्ताविसावा. नियम पोरीचा, तेव्हा त्याने पोतं शेवटी लावलं आणि ती इकडेच येणार म्हणून तिथेच थांबला. ऋतिका निरोप घ्यायला आली, तर काका त्याचं पोतं ओढून पुढे घेत होते.

"काका, आमच्याकडं ना दहावं, ना लगीन."

काकांनी रांगेत पोती लावायला आलेल्यांकडे पाहिलं. दोघांनी नव्हे, सगळ्यांनी माना हलवल्या.

"पोरगी परदेशी चाललीय," काका म्हणाले. "ह्ये बी कारन लिव त्यात."

तिने तिथेच लॅपटॉप उघडला. डोळे भरल्यामुळे दोनदा चुकली, पण तिसरं कारण लिहिलं. रांगेतून होकार आले आणि सहदेवच्या खिशातला फोन वाजला. त्याचा नंबर आला होता.