‘परसों’ म्हणजे कधी?

“अहो मॅडम, टूल मॅच नव्वद टक्क्यांच्या वर दाखवतंय. अ‍ॅक्सेप्ट मारा ना!” आमचे मॅनेजर देशपांडे पुण्याहून कॉलवर वैतागले होते. सोमवारी रिलीज होतं.

टीम सगळी पुण्यात. हैदराबादच्या ऑफिसात मी एकटी. दिवसभर समोर कोण, तर ते मेलं टूल. काम सोपं करून सांगते. क्लायंट मागतो ती रिक्वायरमेंट. ते चालतं का हे बघते ती टेस्ट. कुठल्या रिक्वायरमेंटला कुठली टेस्ट, ही जोडी लावून ठेवणं म्हणजे ट्रेसेबिलिटी. जोड्या टूल सुचवतं. हो की नाही, ते अ‍ॅनालिस्टने, म्हणजे मी म्हणायचं.

क्लायंट तारनाक्याकडचं एक हॉस्पिटल. रिक्वायरमेंट अशी: पेशंटला दोन दिवसांपूर्वी औषधाची रिअ‍ॅक्शन आली असेल, तर ती सिस्टरला स्क्रीनवर दिसावी. टेस्टही दोन दिवसांचीच. शब्दाला शब्द जुळला, टूल खूश! मला मात्र ते खुपलं. रिअ‍ॅक्शन काय दोनच दिवस लक्षात ठेवायची?

हॉस्पिटलबरोबरच्या मीटिंगचं मूळ रेकॉर्डिंग काढून ऐकलं. तिथल्या शाहेदा सिस्टर म्हणत होत्या, “परसों रिअ‍ॅक्शन आया रहा तो वो दिखना.” पुण्यातल्या कुणीतरी ‘परसों’चे सरळ दोन दिवस करून टाकले होते. मी सिस्टरना फोन लावला.

“परसों बोले तो परसोंच थोड़ी, मॅडम! पिछले साल का बी हो सकता. बीस साल पुराना बी.”

असंच रिलीज झालं असतं, तर जुनी रिअ‍ॅक्शन स्क्रीनवर आलीच नसती आणि सिस्टरने तेच इंजेक्शन पुन्हा टोचलं असतं.

मी रिजेक्ट मारलं. देशपांडे भडकले. “एका शब्दासाठी रिलीज अडवता? परवा म्हणजे परवा!”

“सर, गेल्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, परवाच तर हैदराबादला येऊन गेलो. तुम्ही आला होतात दिवाळीच्या आधी. आता उन्हाळा लागला.”

मग म्हणाले, “बरं. बदलायला सांगतो.”

रिलीज आठवडाभर लांबलं. नव्या स्क्रीनवर सिस्टरनी चाचणीसाठी पहिलंच नाव उघडलं, तर कित्येक वर्षांपूर्वीची पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन लाल अक्षरांत वर आली. “हौ, अब बराबर है,” त्या म्हणाल्या. मला एकदम भरून आलं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. आजूबाजूला नुसत्या रिकाम्या खुर्च्या.

रिव्ह्यूमध्ये टूलचं कौतुक झालं. माझं रिजेक्ट ‘विलंबाचं कारण’ या रकान्यात गेलं. ट्रेसेबिलिटीचं टूल घेणार असाल तर जरूर घ्या, वेळ खूप वाचतो. फक्त त्याला नाही म्हणणारं एक माणूस ठेवा, आणि जमलं तर त्याच्याबरोबर जेवायला कुणीतरी.